तोलाऱ्याची सुभद्रा आणि दोनशे सतरावा कप्पा

सुभद्रा तावडे जन्माला आली लालबागच्या चाळीत, पण ती आमच्या गावची. विजयदुर्गाच्या खाडीवर आमची वाडी आहे. तिथं तावड्यांचं घर आहे, अंगणात चाफा आहे आणि गणपतीला मुंबईहून आलेली माणसं त्या अंगणात पथारी टाकतात. आमच्याकडे माणसाचं गाव त्याच्या पाळण्यावरून ठरत नाही, गणपतीवरून ठरतं. तेवढ्या हक्कानं मी तिला आमची म्हणतो. तिनं मला जे सांगितलं ते मी सावकाश सांगणार आहे. घाईत सांगितलं तर त्यातली गोडी जाईल.

तिचे वडील सीताराम तावडे. तरुणपणी ते गलबतावर होते, पुढे मुंबईला आले आणि भायखळ्याच्या भाजीबाजारात तोलारी झाले. माल कुणाचाही असो, घेणारा कुणीही असो, मधे उभं राहून तराजू धरायचा आणि वजन पुकारायचं, हे तोलाऱ्याचं काम. सीताराम फार कमी बोलत. पण त्यांनी वजन पुकारलं की दोन्ही बाजू गप्प होत.

भाजी पाटीत यायची आणि पाटीसकटच तोलली जायची. म्हणून आधी रिकामी पाटी एका पारड्यात ठेवायची आणि दुसऱ्या पारड्यात खडे टाकत जायचं. दोन्ही पारडी एका रेषेत आली, की मग पाटीत भाजी भरायची. याला धडा करणं म्हणतात. धडा केला नाही, तर भाजीबरोबर पाटीचंही वजन होतं आणि घेणारा फसतो. बाजारातले सगळेच तोलारी धडा करत. सीताराम मात्र प्रत्येक पाटीचा नव्यानं करत, मग मागचे लोक कितीही ओरडोत.

सुभद्रा मॅट्रिक झाली, गणितात चांगले मार्क पडले. दादरला टायपिंग शिकली. आणि एकोणीसशे एकोणसाठच्या नोव्हेंबरात तिला परळच्या एका जुन्या बंगल्यात नोकरी लागली. त्या बंगल्यात एक संशोधनसंस्था होती आणि संस्थेनं गणनयंत्र उभारलं होतं. खालचा सगळा दिवाणखाना त्या यंत्रानं भरून गेला होता. लोखंडी कपाटांच्या रांगा, त्यात रेडिओत असतात तसले हजारभर व्हॉल्व्ह, आणि सगळे पेटले की खोलीत भट्टीसारखी ऊब. यंत्राला काय करायचं ते कागदी टेपवरच्या भोकांनी सांगावं लागे. ती भोकं पाडायचं काम सुभद्राचं.

चाळीत हे कळलं तेव्हा लोक हसले. शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, "सीतारामाचा चेडू भोकां पाडूक जाता, आणि त्याचो पगार मिळता! माझो घोव तीस वर्सां मिलीत राबलो, त्याका कोणी असला काम नाय दिल्यान."

नोकरी पक्की नव्हती. सहा महिन्यांची उमेदवारी होती, ती एप्रिलच्या तीस तारखेला संपायची. विभागात एक जाड नोंदवही होती. टेपमध्ये चूक सापडली की ज्याला सापडली त्यानं त्या वहीत टेप करणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण करायची. उमेदवारीत तीन खुणा झाल्या, की दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. पाच महिने सुभद्राच्या नावापुढचा रकाना कोरा होता. तिच्या शेजारी बसणारी बकुळा तिला म्हणायची, "तुझा रकाना बघून मला माझी लाज वाटते गं. एखादी तरी चूक कर, सोबतीला."

आता यंत्राच्या आत काय होतं ते थोडं सांगतो. आत एक हजार कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात एक आकडा मावायचा. टेपवरच्या आज्ञा म्हणजे एवढंच की अमक्या कप्प्यातला आकडा घे, तमक्या कप्प्यात मिळव, उत्तर फलाण्या कप्प्यात ठेव. आपलं काम संपलं तरी कप्प्यातला आकडा पुसला जात नसे. पुढचा माणूस आपली टेप लावी तेव्हा मागच्या माणसाचे आकडे तिथंच बसलेले असत. फक्त सकाळी यंत्र तापलं, की शिपाई एक खास टेप लावी. तिनं सगळ्या कप्प्यांत शून्य जाऊन बसे. तिला सगळे 'झाडू टेप' म्हणत. दहा मिनिटं खाणारी ती टेप दिवसातून एकदाच लागे.

विभागाचे प्रमुख शामराव. मोठा सज्जन माणूस, सतत खिशात पेन्सिल शोधणारा. त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता, जो प्रत्येक टेप आधी वाचून काढी. एखादी आज्ञा अशा कप्प्यातून आकडा घेऊ बघत असेल, की ज्यात तोवर टेपनं काही ठेवलेलंच नाही, तर टेलिप्रिंटर एका कागदी पट्टीवर टेप कुणाची ते नाव, खाली त्या कप्प्याचा नंबर आणि पुढे प्रश्नचिन्ह छापी. यंत्र थांबत नसे. विचारी आणि पुढे जाई.

ही पट्टी कुणी वाचत नसे. कारण काही कप्पे लोक मुद्दाम बटणांनी हातानं भरत, त्यांच्याबद्दलही ते प्रश्न विचारी. दहा प्रश्नांतले आठ फुकटचे. त्यामुळे उरलेल्या दोनांकडेही कुणाचं लक्ष जाईना. सगळे त्या पट्टीला 'शामरावांची कुरकुर' म्हणत आणि न बघता टरकन फाडत. फाडलेल्या पट्ट्या हेरंब आठल्ये नावाचा तरुण शास्त्रज्ञ गोळा करून घरी नेई. वाचायला नव्हे. त्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र राज्य होणार होतं. चार वर्षं मुंबईनं त्यासाठी मोर्चे काढले होते, हरताळ पाळले होते, माणसं गमावली होती. आता गल्लोगल्ली सजावट चालली होती आणि हेरंबच्या गिरगावातल्या गल्लीला पताका हव्या होत्या.

हेरंब हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. त्याच्याकडे भरती-ओहोटीच्या तक्त्यांचं काम होतं. रे रोडच्या बाजूला लाकडाच्या वखारी आहेत, तिथं गलबतं लागत. पाणी किती चढणार हे आधी कळलं तर भरलेलं गलबत कधी आत घ्यायचं ते ठरवता येतं. वखारवाल्यांच्या मंडळाला तक्ते करून द्यायचं संस्थेनं कबूल केलं होतं. चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, असे वीस-पंचवीस आकडे एकात एक मिळवायचे, की एका भरतीची उंची निघते. ही बेरीज साठत जाई दोनशे सतरा नंबरच्या कप्प्यात. दर बुधवारी एका पंधरवड्याचा तक्ता निघे. टेप सुभद्रा करी. हेरंब सकाळी नऊला यंत्रावर बसे आणि तक्ता चोख येई.

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला आणि हेरंबच्या सकाळी प्रभातफेऱ्यांत जाऊ लागल्या. त्यानं यंत्रावरची वेळ बदलून दुपारची घेतली. पहिल्याच बुधवारी तक्त्याची पहिली ओळ आली : भरतीची उंची त्रेसष्ट फूट.

बकुळा म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी चर्नी रोडला उतरायचं नाही, पोहायचं."

खालच्या साऱ्या ओळी बरोबर होत्या. हेरंब म्हणाला, "पहिलीच ओळ चुकली, म्हणजे टेपची सुरुवात चुकली. तावडेबाई, भोक चुकलंय तुमचं." त्यानं ती टेप फाडून टाकली आणि नवी करायला लावली. नवी टेप दुसऱ्या दिवशी सकाळी लावली, तर उत्तर बरोबर. झालं. जुनी टेप चुकली होती हे सिद्धच झालं. वहीत पहिली लाल खूण.

पुढच्या बुधवारी पहिल्या ओळीत उणे नऊ फूट. समुद्र तळाच्याही खाली. दुसरी लाल खूण. या वेळी सुभद्रानं जुनी टेप जपून ठेवली होती. नवी करून झाल्यावर तिनं दोन्ही टेपा एकमेकींवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या. पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत दोन्हीतून एकच उजेड आला. कणभर फरक नव्हता. ती हेरंबकडे गेली.

"आठल्येसाहेब, टेपा सारख्या आहेत."

"मग सैल गुंडाळली असेल. यंत्र खोटं बोलत नाही, तावडेबाई."

तिनं जुनी टेप पुन्हा खणात ठेवली. आपण चुकलो नाही हे माहीत असणं आणि मग कोण चुकलं ते माहीत नसणं, यासारखी जिवाला घोर लावणारी दुसरी गोष्ट नाही.

सत्तावीस एप्रिलला तिसरा तक्ता निघाला. सुभद्रा टेलिप्रिंटरजवळ उभी होती. पहिली ओळ : पंधरा फूट आठ इंच. हेरंबनं नजर टाकली आणि खूश झाला. "बघा! लक्ष देऊन केलं की होतं." दुसरी भरती अकरा फुटांच्या आसपास होती, पण त्याला त्यात काही वाटलं नाही. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतातच, असं तो म्हणाला. शनिवारी वखारवाले तक्ता न्यायला येणार होते आणि त्याच शनिवारी सुभद्राची उमेदवारी संपणार होती. बकुळानं मागून येऊन हळूच तिचा हात दाबला. "सुटलीस गं बाई. आता तीन दिवस खोकूसुद्धा नकोस."

सुभद्रा आनंदात घरी आली. भात खाता खाता तिची नजर भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या पंचांगाकडे गेली. सहज उठून तिनं तक्त्याच्या पहिल्या ओळीची तारीख काढली. वद्य अष्टमी. ती परत ताटावर येऊन बसली, पण हात भाताकडे जाईना.

"काय गो," सीताराम म्हणाले, "जेवणात लक्ष नाय तुझा?"

"बाबा, अष्टमीला भरती सोळा फुटांपर्यंत चढेल?"

सीतारामांचा घास हातात राहिला. "अष्टमीक? अगो, अष्टमीक भांग. पाणी दमलेला असता. उधाण येता ता पुनवेक नि अवसेक. अष्टमीच्या पाण्याक भरलेला गलबत हलवूचा नाय, असा आमचो तांडेल सांगी. कोणी सांगल्यान तुका सोळा फूट?"

"यंत्रानं."

"मग तुझा यंत्र समुद्रावर गेलेला नाय कधी."

म्हणजे ओळ आजही चुकली होती. फक्त या वेळी चूक नीटनेटके कपडे घालून आली होती, म्हणून कुणी तिला ओळखलं नाही. गप्प बसलं तर तीन दिवसांनी नोकरी पक्की. बोललं तर तिसरी खूण, कारण पहिली ओळ चुकली की चूक तिची हे ठरूनच गेलेलं होतं. आणि एखादा नवखा तांडेल त्या कागदावर विसंबून अष्टमीला गलबत आत घालणार आणि चिखलात रुतवणार.

सीतारामांना मुलीच्या मनातलं काही कळलं नाही. ते आपल्या बाजारातली गोष्ट सांगू लागले. "आज तो नवो तोलारी, धोंडू, रडकुंडीक इलो. सकाळी एकदा धडो केल्यान नि दिवसभर त्याच खड्यांवर तोलल्यान. सकाळी पाटी सुकी. दुपारपर्यंत भाजीचा पाणी पिऊन तीच पाटी अर्धो शेर जड. माका विचारता, पाटी तीच, खडे तेच, मग सकाळी बरोबर नि दुपारी चूक कशी? मी म्हटलंय, पाटी तीच, पण तिच्या पोटात काय आसा ता बघितलंस?"

सुभद्रानं ताट बाजूला सारलं.

सकाळी बरोबर, दुपारी चूक. टेप तीच. पण कप्प्याच्या पोटात काय होतं?

सकाळी झाडू टेपनं सगळे कप्पे शून्य केलेले असत, म्हणून हेरंबची बेरीज शून्यापासून सुरू होई. दुपारी आधीच्या माणसाचा उरलेला आकडा दोनशे सतरात बसलेला असे आणि चंद्रसूर्याची बेरीज त्याच्या डोक्यावर चढे. मग खालच्या ओळी बरोबर का? कारण प्रत्येक ओळ छापून झाली की हेरंबचा प्रोग्रॅम पुढच्या ओळीसाठी दोनशे सतरा साफ करी. पहिल्या ओळीच्या आधी मात्र तो साफ करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सकाळची वेळ असेपर्यंत गरजच पडली नव्हती. हे सगळं तिला त्या चुलीपाशी बसल्या जागी दिसलं. ती मला म्हणाली, "त्या वेळी मला इतकं हसू आलं, की आईला वाटलं भातात खडा लागून माझा दात हलला."

दुसऱ्या दिवशी दुपारी हेरंब आला तो घोषणा देऊन देऊन घसा पुरता बसलेला. त्याला नुसतं कुजबुजता येत होतं. सुभद्रानं शामरावांच्या समोरच सांगितलं, "कालचा तक्ता चुकलाय. पहिली ओळ. त्या दिवशी अष्टमी आहे, पाणी एवढं चढत नाही."

हेरंब कुजबुजला, "आता पंचांग बघून तक्ते तपासायचे?"

"समुद्र पंचांग बघूनच चढतो, साहेब," बकुळा मागून म्हणाली.

"ठीक आहे," हेरंब घसा धरून म्हणाला, "चुकलाय तर चुकलाय. म्हणजे टेप चुकली. म्हणजे तिसरी..."

"तीच टेप लावा," सुभद्रा म्हणाली. "मी हात लावत नाही. बकुळा लावेल. आणि संपली की लगेच तीच टेप पुन्हा लावा. मधे दुसऱ्या कुणाची नको."

शामराव पेन्सिल शोधायचे थांबले. "लावा."

बकुळानं टेप लावली. पहिली ओळ आली : अडतीस फूट. हेरंबनं दोन्ही हात वर केले, बघा, म्हणून. टेप संपली. बकुळानं तीच टेप उचलून पुन्हा लावली. टेलिप्रिंटर खडखडला. पहिली ओळ : अकरा फूट पाच इंच. शामराव म्हणाले, "अजून एकदा." पुन्हा अकरा फूट पाच इंच.

"टेप चुकलेली असती तर तिन्ही वेळा चुकली असती," सुभद्रा म्हणाली. "पहिल्या खेपेला दोनशे सतरात दुसऱ्याचा आकडा होता. शेवटची ओळ छापल्यावर तुमच्याच प्रोग्रॅमनं तो साफ केला, म्हणून पुढच्या दोन खेपा बरोबर आल्या. धडा करायचा राहिलाय साहेब. पाटी रिकामी आहे असं धरून चाललात."

हेरंब खुर्चीवर बसला. तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडून त्यानं पहिल्या ओळी ताडून पाहिल्या. मग हसू लागला, पण घशातून आवाज येईना, नुसते खांदे हलत होते. "माझीच," तो कुजबुजला. "तीनही वेळा माझीच."

शामराव मात्र हसत नव्हते. त्यांनी टेलिप्रिंटरच्या बाजूला लोंबणारी कागदी पट्टी उचलली आणि वाचली. वरून दुसरा प्रश्न होता : दोनशे सतरा?

"हे सांगत होतं," शामराव हळूच म्हणाले. "दर वेळी विचारत होतं बिचारं. बाकीच्यांच्या टेपांवरही असेच प्रश्न असतील. जुन्या पट्ट्या कुठायत?"

हेरंबनं जमिनीकडे बघत काहीतरी म्हटलं. ऐकू आलं नाही.

"काय?"

"गिरगावात," बकुळानं त्याचे ओठ वाचून सांगितलं. "टांगल्यात म्हणतात."

संध्याकाळी चौघं गिरगावात गेली. खोताच्या वाडीच्या पुढच्याच बाजूला हेरंबची गल्ली. या माडीपासून त्या माडीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर खळ लावून चिकटवलेल्या शेकडो पट्ट्या. भगव्या कागदांच्या मधूनमधून शामरावांची कुरकुर वाऱ्यावर फडफडत होती. शिडी आणली. हेरंब शिडीवर चढून एकेक पट्टी वाचे आणि खाली कुजबुजे, मधल्या पायरीवरची बकुळा ते मोठ्यानं सांगे, आणि सुभद्रा वहीत लिहून घेई. शामराव शिडी धरून उभे.

समोरच्या गॅलरीतून गंगुबाई वाकल्या. "काय रे हेरंबा, पताका वाचून दाखवतात होय? आणि ते कोण शिडी धरलेले?"

"साहेब आहेत आमचे," बकुळा म्हणाली.

"अगोबाई! साहेबांना शिडी? राज्य व्हायच्या आधीच सगळं उलटं केलंत की!" असं म्हणून त्यांनी चौघांना कैरीचं पन्हं पाठवलं.

पट्ट्या वाचता वाचता सगळ्यांच्याच चुका बाहेर पडल्या. हेरंबच्या प्रत्येक पट्टीवर दोनशे सतरा. दुसऱ्या एका शास्त्रज्ञाचे तीन कप्पे. आणि मग हेरंबनं एक पट्टी बकुळालाच दाखवली. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली. "शामरावसाहेब, ही... ही तुमची आहे."

"माझी?"

"तुमच्या टेपची. चाळीस नंबरचा कप्पा, प्रश्नचिन्ह."

शामराव शिडी सोडून एवढे हसले, की हेरंब वर डगमगला आणि गल्लीतल्या बाया ओरडल्या. ज्यानं हा विचारणारा प्रोग्रॅम लिहिला, त्यानंच स्वतःचा प्रश्न न वाचता फाडून दिला होता.

इथं थोडं पुढचं सांगतो. सुभद्रानं पुढं तीस वर्षं हेच काम केलं. यंत्रं लहान झाली, व्हॉल्व्ह गेले, टेपा गेल्या. निवृत्त झाल्यावर ती दादरला एका क्लासात सी नावाची भाषा शिकवायची, यंत्राच्या अगदी अंगाला लागून लिहायची भाषा. कप्प्याला तिथं नाव द्यायचं असतं, पण नाव दिलं म्हणून कप्पा रिकामा होत नाही. एखादा पोरगा 'इंट टोटल', म्हणजे टोटल नावाचा आकड्याचा कप्पा, एवढं लिहून पुढे पळायचा. बाई थांबवायच्या.

"टोटलमध्ये आत्ता काय आहे?"

"शून्य, बाई."

"कुणी ठेवलं?"

पोरगा परत त्या ओळीकडे यायचा.

कंपायलर म्हणून जो प्रोग्रॅम त्यांचं लिहिलेलं वाचून यंत्राच्या आज्ञांत उतरवतो, तो शामरावांच्या पट्टीसारखाच इशारे देई. मुलं म्हणत, "बाई, वॉर्निंगच आहे, एरर नाही. चालतंय की." बाई विचारत, "मग गिरगावात टांगायच्यात का?" मुलांना अर्थ कळत नसे, पण ती निमूट दुरुस्त करत.

आणि एक गोष्ट त्या फार कडकपणे सांगत. इशारा बंद व्हावा म्हणून डोळे मिटून शून्य टाकणं हेही चूकच. सगळ्यात लहान आकडा शोधायचा असेल आणि सुरुवातीलाच शून्य ठेवलंत, तर शून्यच सगळ्यात लहान ठरेल आणि इशाराही मिळणार नाही. "शून्य का ठेवलंस ते सांगता आलं पाहिजे," त्या म्हणत. "ओरडणाऱ्याचं तोंड दाबलं म्हणजे त्याला उत्तर दिलं असं होत नाही." त्या क्लासातून निघालेली पोरं आज कुठं कुठं आहेत, आणि त्यांच्या लिहिण्यात एकही इशारा शिल्लक राहत नाही असं मी ऐकतो. मला त्यातलं फार कळत नाही, पण ऐकून बरं वाटतं.

तर शनिवार, तीस एप्रिल. वखारवाले येऊन दुरुस्त तक्ता घेऊन गेले. मग शामरावांनी नोंदवही मागवली. लाल खूण काढायची तर ज्यानं केली त्यानंच, आणि कारण लिहून, असा नियम होता. हेरंबनं दोन्ही खुणा खोडल्या आणि पुढे लिहिलं, 'टेप निर्दोष. चूक माझी. दोनशे सतरा नंबरच्या कप्प्यात पहिल्या ओळीआधी शून्य ठेवायचं राहिलं, आणि यंत्रानं विचारलं तेव्हा मी ऐकलं नाही.' लिहून झाल्यावर तो उठला आणि सुभद्राला नमस्कार केला. तिला काय करावं कळेना, म्हणून तिनंही केला.

शामराव म्हणाले, "तावडेबाई, तुमची उमेदवारी संपली. सोमवारपासून तुम्ही कायम. पण टेपांच्या टेबलावर बसायचं नाही. येणारा प्रत्येक प्रोग्रॅम आधी तुम्ही बघायचा आणि मग यंत्राकडे सोडायचा. जमेल?"

"एका अटीवर," सुभद्रा म्हणाली, आणि असं आपण बोललो कसं याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "पट्टीवरच्या प्रत्येक प्रश्नापुढे ज्याच्या त्यानं उत्तर लिहायचं. कप्पा हातानं भरणार असेल तर तसं लिहायचं. भरायचा राहिला असेल तर टेप दुरुस्त करायची. एकही प्रश्न कोरा राहिला तर यंत्र मिळणार नाही. कुणालाच."

शामरावांच्या लक्षात आलं, की 'कुणालाच' म्हणताना ती त्यांच्याकडेच बघत होती. "लिहा नियम," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना पेन्सिल पहिल्याच खिशात सापडली.

रविवारी राज्य झालं. त्या दिवशी मुंबईत काय झालं ते मी काय सांगणार, ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांत अजून आहे. लालबागच्या चाळीत सीतारामांनी गूळ वाटला. मुलगी कायम झाली म्हणून की राज्य झालं म्हणून, असं कुणी विचारलं तर ते नुसते हसत आणि अजून एक खडा हातावर ठेवत.

सोमवारी सुभद्रा नव्या टेबलाशी बसली. पहिला आला हेरंब. घसा थोडा सुटला होता. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात नवी टेप आणि तिची पट्टी.

"तोंड गोड करा, बाई. आणि एवढी लावून द्या. लहानशीच आहे."

सुभद्रानं पेढा घेतला, तोंडात टाकला आणि पट्टी वाचू लागली. वाचून झाल्यावर टेप आणि पट्टी दोन्ही त्याच्यापुढे सरकवली.

"तीन प्रश्न कोरे आहेत, आठल्येसाहेब."

"अहो, ते तिन्ही हातानं भरायचेत. मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे. पट्टीवर लिहा."

मागे बकुळा खाली मान घालून भोकं पाडत होती, आणि तिचे खांदे हलत होते. हेरंबनं एकदा सुभद्राकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या शामरावांकडे पाहिलं. शामराव आपली पट्टी पाठीमागे लपवून घाईघाईनं आपल्या खोलीत परत चालले होते. मग हेरंबनं खुर्ची ओढली, पेन काढलं आणि सुभद्राच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर तीन उत्तरं लिहायला बसला.

"पुडा इथंच ठेवा," सुभद्रा म्हणाली. "वेळ लागेलसं दिसतंय."